धुळीत थांबलेलं यान



सुलैबियात धुळीचं वादळ उठलं की आपण काय करतो? खिडक्या लावतो, दाराच्या फटीला ओलं फडकं कोंबतो आणि वाट बघतो. अमेरिकेच्या मरिनर ९ या यानानं मंगळावर नेमकं हेच केलं होतं.

१४ नोव्हेंबर १९७१ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरलं. पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहाचा हा पहिला कृत्रिम उपग्रह. तोवर मंगळाचे माहीत असलेले सोबती दोनच, फोबोस आणि डीमोस. आसफ हॉल यांनी ते ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या वेधशाळेतून शोधले. खरं तर ते नाद सोडणार होते. पत्नी अँजेलिना स्टिक्नी यांनी त्यांना पुन्हा दुर्बिणीपाशी पाठवलं. फोबोसवरच्या सर्वांत मोठ्या विवराला आज स्टिक्नी म्हणतात. बाईंचं नाव तिथे तरी लागलं!

तर, मरिनर पोचलं तेव्हा अख्खा मंगळ धुळीनं झाकलेला. पृथ्वीवरून नव्या सूचना गेल्या: थांब, धूळ बसू दे. काही आठवड्यांनी आकाश निवळलं आणि यानानं जवळजवळ सगळ्या ग्रहाचे फोटो काढले. मागोमाग आलेल्या सोव्हिएत मार्स २ आणि मार्स ३ चा कार्यक्रम मात्र आधीच पक्का बसवलेला होता. त्यांची उतरणारी यानं भर वादळात सुटली. एक आदळलं, दुसरं उतरून काही सेकंदांतच गप्प झालं. सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या माझ्यासारख्याला हा भाग वाचताना घाम फुटतो.

पण दर वेळी पृथ्वीला विचारता येतंच असं नाही. आपलं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं. त्याला नेणाऱ्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन आपल्या विक्रोळीत, गोदरेजमध्ये बनतं. २४ सप्टेंबर २०१४ ला, जवळपास ३०० दिवस झोपलेलं यानाचं मुख्य इंजिन पेटवायचं होतं. संदेश पोचायला बारा मिनिटं, त्यात यान मधेच मंगळाआड जाणार. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच भरून ठेवल्या होत्या. इंजिन सुमारे २४ मिनिटं चाललं. सहा महिन्यांसाठी गेलेलं यान मग जवळजवळ आठ वर्षं टिकलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या अमिरातींचं ‘अल अमल’ तिथे पोचलं. २०२३ मध्ये ते डीमोसपासून साधारण १०० किलोमीटरवरून गेलं. ते फोटो मुलांना जरूर दाखवा. डीमोस गोल नाही, ओबडधोबड बटाट्यासारखा आहे.