एका बटणाचा हाडोकेन आणि त्याची किंमत

१/ नव्वदच्या दशकात सोलापुरात, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात, ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खिसे रिकामे केले त्यांना ‘मुस्तफा’ ठाऊक असतो. या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. आपल्याकडे मात्र त्यातल्या एका पात्राचे नाव अख्ख्या खेळाला चिकटले, ते आजतागायत.

२/ या खेळात एक दांडी आणि दोनच बटणे होती : एक मारण्याचे, एक उडीचे. दोन्ही एकदम दाबली की भोवतीचे गुंड आडवे होत. परंतु तो डाव फुकटचा नव्हता. तो लागला की आपलीही थोडी लाइफ कमी होई. हा लहानसा नियम ध्यानात ठेवावा. लढतीच्या खेळांतील तीन दशकांचे एक मोठे भांडण नेमके याच मुद्द्याभोवती फिरते : सोपा डाव द्यायचा, तर त्याची किंमत काय घ्यायची?

३/ कॅपकॉमचाच ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ साली आला. ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो हे त्याचे कर्ते. त्याच्या मोठ्या यंत्रावर आरंभी बटणांऐवजी दोन पॅड होते. जितक्या जोराने हात मारावा तितका ठोसा जबर. पुढे त्यांची जागा सहा बटणांनी घेतली. विशेष डाव मात्र गुप्त होते. दांडी खाली, मग तिरकी पुढे, मग सरळ पुढे, आणि लगेच ठोशाचे बटण : हाच तो ‘हाडोकेन’. तो क्वचितच साधे.

४/ १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने ही पकड पुष्कळ सैल केली आणि खेळ जगभर पसरला. तरीही अवघडपणा उरलाच, आणि तो निव्वळ हट्ट नव्हता. या खेळात बचाव करायचा तर दांडी मागे धरावी लागते. वरून झेप घेणाऱ्याला खाली पाडणारा ‘शोर्युकेन’ मारायचा तर दांडी आधी पुढे न्यावी लागते, म्हणजे क्षणभर ढाल खाली ठेवावी लागते. गाईलचा ‘सोनिक बूम’ हवा तर काही काळ मागे दाबून धरावे लागते. तेवढा वेळ त्याला पुढे चालता येत नाही. झांगीफ या रशियन पैलवानाची मोठी पकड दांडी पूर्ण गोल फिरवल्याखेरीज लागत नाही, आणि उभ्या उभ्या दांडी फिरवू गेले तर पात्र उडी मारून मोकळे होते. थोडक्यात, हाताची हालचाल हीच डावाची किंमत होती. ‘अवघड आहे म्हणून थोर आहे’ असे म्हणणाऱ्या जुन्या खेळाडूंनाही हा बारकावा अनेकदा उमगलेला नसतो.

५/ या व्यवस्थेत नवख्याचे काय होई? मासाहिरो साकुराई या जपानी रचनाकाराने आपलाच एक प्रसंग सांगितला आहे. पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ खेळताना त्याने समोरच्याला निर्दयपणे हरवले. मग लक्षात आले की पलीकडे एक नवशिके जोडपे बसले आहे, आणि त्यांचा पार हिरमोड झाला आहे.

६/ त्याचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ जानेवारी १९९९ मध्ये आला. त्यात प्रत्येक पात्राचे विशेष डाव एकाच रीतीने निघतात : एक बटण आणि एक दिशा. समोरच्याची लाइफ संपवायची नसते, त्याला रिंगणाबाहेर फेकायचे असते. साकुराईने जुनी किंमत कमी केली नाही. बाजारच नवा मांडला. म्हणून कित्येक वर्षे ‘हा लढतीचा खेळ आहे का?’ असा वाद चालला. माझ्या मते तो वाद व्यर्थ होता.

७/ कॅपकॉमने स्वतःच्या घरात प्रयोग केले तेव्हा अडचण झाली. ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २’ गेमक्यूबवर आणताना तिने नावातच ‘ईओ’, म्हणजे ‘ईझी ऑपरेशन’, जोडले. उजवी काडी झुकवली की विशेष डाव हजर. २०११ साली निन्टेंडो थ्रीडीएसवरच्या ‘स्ट्रीट फायटर ४’ने डाव थेट स्पर्शपडद्यावर ठेवले. आता गाईल पुढे चालत चालत सोनिक बूम सोडू लागला! किंमत काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. अखेर ज्यांना हे नको होते त्यांना आपापसांत वेगळे खेळण्याची सोय द्यावी लागली.

८/ उत्तर शोधले ते इतरांनी. २०१५ मध्ये ‘रायझिंग थंडर’ हा खेळ चाचणीस्वरूपात आला. त्यामागे सेथ किलियन होता, ‘इव्हो’ या सर्वांत नामांकित स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे जुन्या तालमीतलाच माणूस. डाव एका बटणावर, परंतु एकदा वापरला की काही क्षण पुन्हा मिळत नाही. पुढच्याच वर्षी रायट कंपनीने हा चमू विकत घेतला आणि खेळ बंद झाला. कल्पना मात्र टिकली. २०२० च्या ‘ग्रॅनब्लू फँटसी व्हर्सेस’मध्ये दोन्ही वाटा खुल्या होत्या : सोप्या बटणाने डाव काढला तर प्रतीक्षा अधिक, हाताने काढला तर कमी.

९/ मग २ जून २०२३ रोजी ‘स्ट्रीट फायटर ६’ आला आणि त्याने ‘मॉडर्न’ पद्धत ‘क्लासिक’च्या शेजारी बसवली. सहाऐवजी तीन प्रहारबटणे, एक बटण विशेष डावांचे. किंमत दुहेरी : काही साधे प्रहार हाती राहत नाहीत, आणि एका बटणाने काढलेल्या विशेष डावाचा मार वीस टक्क्यांनी घटतो. मॉडर्नमध्ये राहूनही तोच डाव जुन्या रीतीने दांडी फिरवून काढला तर पूर्ण मार बसतो. शिकणाऱ्यासाठी दार उघडे ठेवण्याची ही युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तक्रारी थांबल्या नाहीतच. झेप दिसताच एका बटणावर शोर्युकेन लागतो, ढाल खाली ठेवावी लागत नाही; वीस टक्के त्याला पुरेसे आहेत का, हा प्रश्न रास्त आहे. तरीही दोन्ही पद्धती एकाच स्पर्धेत उतरतात. त्याच वर्षी इव्होमध्ये या खेळासाठी सात हजारांहून अधिक स्पर्धक होते.

१०/ आपल्याला हे नवे नसावे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते गदेसाठी एकमेकांशी भिडतात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाचा विजेता होता आपल्या सोलापूर जिल्ह्याचा महेंद्र गायकवाड, गादीचा शिवराज राक्षे. गदा राक्षेने नेली. तुलना ताणू नये. गादी मातीहून सोपी नाही, वेगळी आहे. पण दोन वेगळ्या सरावांचे मल्ल एका आखाड्यात कसे उतरवायचे, हा पेच तोच.

११/ सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत हा खेळ पदकासाठी खेळला गेला, तो मात्र जुना ‘स्ट्रीट फायटर ५’. मॉडर्नची सोय नसलेला. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू याने जिंकले. त्याचे वय तेव्हा ४४ होते.

१२/ चारच महिन्यांनी ‘टेक्कन ८’ आला. त्यात चालू लढतीतच, एका बटणाने, सोपी पद्धत लावता आणि काढता येते. ती लावली की पात्राच्या शंभरावर डावांपैकी मोजकेच हाती उरतात.