आवाज एक, स्पीकर बारा

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले ते साल १९३१. मुक्काम किंग्जली हॉलमध्ये होता. तिथेच ऑक्टोबर महिन्यात कोलंबिया ग्राफोफोन कंपनीने त्यांचा आवाज तबकडीवर घेतला. ईश्वराविषयीचं त्यांचं ते इंग्रजी निवेदन आजही ऐकायला मिळतं.

गंमत पहा. याच कंपनीत अ‍ॅलन ब्लमलाइन नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याच वर्षी कंपनी ईएमआयमध्ये विलीन झाली आणि डिसेंबरमध्ये त्याने एका पेटंटसाठी अर्ज केला. माणसाला कान दोन, मग आवाज दोन वाटांनी का येऊ नये? आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याचं मूळ या अर्जात आहे. बापूंची तबकडी मात्र एकाच वाटेची राहिली.

इथून पुढे स्पीकरच्या इतिहासाचे मला दोन प्रवाह दिसतात. पहिला आपल्या ओळखीचा. एक बोलणार, हजारो ऐकणार. मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचे कर्णे काँग्रेसच्या अधिवेशनांत लागत. जुने फोटो नीट पाहिलेत तर पुढाऱ्यांसमोरच्या मायक्रोफोनवर ते नाव दिसेल. १२ नोव्हेंबर १९४७ ला गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले, तेही कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांपर्यंत आपले शब्द पोचावेत म्हणून. जिथे स्वतः जाता येत नाही तिथे आवाजाने जायचं!

दुसरा प्रवाह उलटा. ऐकणारा मध्ये बसलेला आणि आवाज त्याच्या चहूबाजूंनी. डिस्नेच्या 'फँटेशिया'ने १९४० साली हा प्रयोग केला. आपल्याकडे 'शोले'च्या ७० एमएम प्रतीला असा अनेक वाटांचा आवाज होता. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आलं. त्यातूनच ५.१ हा शब्द घरोघरी पोचला : पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक सबवूफर. पुढे संगणकाच्या पाठीमागेही रंगीत भोकं आली. हिरवं पुढच्या स्पीकरांचं, काळं मागच्यांचं, नारिंगी मधल्या स्पीकरचं आणि सबवूफरचं.

हे सारं सांगायचं कारण, आमच्या वर्ध्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात हे दोन्ही प्रवाह एकमेकांना धडकले. परदेशी असलेल्या मुलांनी ५.१ चे दोन संच पाठवले होते. बारा स्पीकर! पुढे एक संच, मागे एक, संगणक एकच. गांधीजींची तीच ध्वनिफीत लावली आणि पुढच्या संचातले फक्त दोन स्पीकर बोलले. बाकी सगळे गप्प. मागच्या रांगेतली मंडळी नुसती माना हलवत बसली. आमच्या वयात ऐकू न येणं चारचौघांत बोलून दाखवायला लाज वाटते हो.

कारण साधं आहे. एका वाटेचा आवाज संगणक पुढच्या डाव्या-उजव्या जोडीलाच देतो. मागच्या स्पीकरांसाठी त्या ध्वनिफितीत काही भरलेलंच नसतं, मग ते काय बोलणार?

सुट्टीवर आलेल्या नातवाने आधी ब्लूटूथ सुचवलं. पण त्या वाटेने आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही उशिरा निघतो, मग एकच शब्द दोनदा ऐकू येतो. दुसरं साउंड कार्ड लावलं तर प्रत्येकाचं घड्याळ निराळं, दोन्ही हळूहळू एकमेकांपासून सरकतात. शेवटी जुना उपाय कामी आला. फक्त हिरव्या भोकातून निघणाऱ्या तारेला फाटे फोडले आणि दोन्ही संचांच्या पुढच्या व मागच्या, चारही जोडण्यांत तोच आवाज दिला. प्रत्येक संचात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असल्याने संगणकावर भार पडत नाही. मात्र अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरकडे जाणाऱ्या तारा दुसऱ्या संचाच्या तारांना कधीही जोडू नका, संच जळेल.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सभागृह फार लांब असेल तर दूरच्या स्पीकरचा आवाज प्रतिध्वनीसारखा वाटू लागतो. आमचं सभागृह लहान, तो प्रश्न आला नाही.

सिनेमा पाहायचा असेल तेव्हा तारा पुन्हा रंगाप्रमाणे लावतो. पण चार माणसं जमून एकाचं ऐकायचं असेल, तर चहूबाजूंच्या आवाजापेक्षा शेवटची रांग महत्त्वाची. त्या दिवशी शेवटच्या रांगेतले आमचे एक स्नेही म्हणाले, "सगळा जन्म सेवाग्रामच्या शेजारी गेला गुरुजी, पण बापू इतक्या हळू बोलत हे आज कळलं."

हळू आवाज मागेपर्यंत पोचवायला बारा स्पीकर लागले. लागेनात का!