1972 साल आणि वटवाघळांचे वन

एकाच जातीची झाडे ओळीने लावली की त्याला वन म्हणावे का? या प्रश्नाकडे आपण वटवाघळांच्या बाजूने पाहू. त्यासाठी 1972 हे वर्ष लक्षात ठेवा.

त्या वर्षी राष्ट्रीय कृषी आयोगाने उत्पादन वनीकरणावर अंतरिम अहवाल दिला. कमी उत्पन्नाच्या मिश्र जंगलाच्या जागी मौल्यवान झाडे लावावीत आणि त्यासाठी महामंडळे काढावीत, असा त्याचा रोख होता. महाराष्ट्रात 1974 मध्ये वन विकास महामंडळ झाले. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. तिथे 1975 मध्ये झाले. दोन्हीकडे भर सागावर होता.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याने फलाहारी वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले.

आणि त्याच वर्षी थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात वटवाघळाची नवी प्रजाती जाहीर केली. अँगस हटन यांनी 1948 मध्ये आजच्या तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात पकडलेला तो नमुना मुंबईच्या संग्रहात एका सामान्य वटवाघळाच्या नावाने पडून होता. प्रजातीला सालिम अलींचे नाव मिळाले.

म्हणजे जंगल बदलायचे ठरले, तेव्हा त्यात राहतो कोण हे पुरते मोजलेलेही नव्हते.

आता सागाच्या लागवडीत काय घटते ते पाहा. वटवाघळाच्या नावातच वड आहे. पण सागाच्या ओळींत वड-उंबर नसतात. छत्तीसगडच्या मोहाची फुले रात्री उमलतात, वटवाघळे ती खातात, परागण करतात आणि मोहाचे बी दूर नेतात. मोह गेला की खाणारा जातो आणि पेरणाराही. खोडांत ढोली पडण्याआधीच झाडे तोडली, तर ढोलीत राहणाऱ्या जातींना आसरा उरत नाही.

मात्र प्रत्येक लागवड सारखी नसते. वालपराई पठारावरील अभ्यासात देशी झाडांच्या सावलीतील कॉफीत वटवाघळांची विविधता चांगली टिकलेली दिसली, उघड्या चहाच्या मळ्यांत ती घटली.

2022 च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती यादी कायद्यातून गेली. लागवडीचे नियोजन मात्र अजून घनमीटर लाकडातच मोजले जाते.

विचार करा: तुमच्या जिल्ह्यातील लागवडीत कोणती जुनी झाडे राखली, तर रात्रीचे हे पेरणारे टिकतील?