रुग्णाची भाषा शिकलेला डॉक्टर

डॉक्टरीसाठी मुलांना परदेशी पाठवताना आपण फी, वसतिगृह, जेवणाची सोय यांची कसून चौकशी करतो. ती करावीच. परंतु सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र आणखी एक गोष्ट विचारायला लावते.

१९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यांत सत्तावीस वर्षांचे कोटणीस होते. मुंबईतील पुढील शिक्षणाचा बेत बाजूला सारून ते निघाले. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचले. नंतर उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात औषधे अपुरी, साधने तुटपुंजी. खेड्यापाड्यांतच जखमींवर शस्त्रक्रिया कराव्या लागत.

अशा मुलखात दुभाष्यावर किती विसंबणार? कोटणीस चिनी बोलायला, वाचायला, लिहायलाही शिकले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ च्या जानेवारीत डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या रुग्णालयाचे ते संचालक झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस.

पदवी त्यांनी मुंबईत मिळवली. परक्या रुग्णाचा विश्वास मात्र चीनमध्येच कमवावा लागला. म्हणून पालकहो, मुलांना निरोप देताना एवढे जरूर विचारा : 'बाळा, तिथल्या गरीब रुग्णाचे दुखणे त्याच्याच भाषेत समजून घ्यायला शिकशील ना?'