‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ : जुळ्यांच्या अभ्यासातील एक अर्थभेद

आपल्या शास्त्रीय लेखनात ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजिले जातात. या संभ्रमाचे मूळ जुने आहे. निसर्ग आणि संगोपन अशी विभागणी करताना फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७४ मध्ये, मनुष्य जे घेऊन जगात येतो ते सर्व निसर्गाच्या पदरात टाकले. पुढील वर्षी जुळ्यांचा अभ्यास त्यांनी याच विभागणीवर उभारला. गर्भावस्थेला तीत स्वतंत्र स्थान उरले नाही.

१९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी गर्भाचे कुपोषण आणि प्रौढपणीचा मधुमेह यांचा कार्यकारणसंबंध सुचविला. त्यावर आक्षेप असा, की कमी जन्मवजन व मधुमेह ही दोन्ही समान जनुकांचीच फळे असू शकतील. १९९७ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी, ज्यांपैकी एकालाच मधुमेह आहे अशा जुळ्यांची जन्मवजने तपासली. एकबीज जुळ्यांतही मधुमेही भावंडाचे वजन सरासरीने कमी निघाले. जनुके समान असता हा भेद आनुवंशिकतेने उलगडत नाही.

एकाच उदरात वाढूनही दोघांना वारेतून मिळणारे पोषण सारखे नसते. शिवाय मातेच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक वारेतील एक विकर बव्हंशी निष्प्रभ करते. ते उणे पडल्यास गर्भाची वाढ खुंटते, असे एडवर्ड्स, सेकल प्रभृतींनी १९९३ मध्ये प्रतिपादिले. ही उपपत्ती जुळ्यांपुरती सिद्ध झाली असे नव्हे. परंतु शोधाची दिशा तिने दाखविली.

तात्पर्य, जन्मवेळी आढळते ते सर्व वारसा नव्हे. व्याधीला कुलदोष मानणारा मातेच्या आहाराची विचारपूस करीतच नाही. म्हणून हे दोन शब्द वेगळे राखणे अगत्याचे आहे.