कँटनहून बीडला: साहेबाची कुळकथा

मेडोज टेलर हे नाव मराठवाड्यातल्या वाचणाऱ्याला परकं नाही. ठगांवरची कादंबरी लिहिणारा, नळदुर्गला राहून कारभार पाहणारा गोरा साहेब. १८५३ साली निजामाने फौजेच्या देण्यापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला, तेव्हा बीडच्या शेजारच्या त्या मुलखावर त्याची नेमणूक झाली. त्याची पुस्तकं धुंडाळताना ग्रंथालयाच्या सूचीत मला एक उलटं नाव सापडलं: टेलर मेडोज. छपाईची चूक नव्हती. फिलिप मेडोज टेलर नळदुर्गला आणि थॉमस टेलर मेडोज चीनमध्ये, कँटनच्या ब्रिटिश वकिलातीत दुभाष्या. दोघांचं नातंगोतं काही दिसत नाही. पण बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आज जो साहेब बसतो, त्याची वंशावळ आपल्या ओळखीच्या नळदुर्गकराकडे जात नाही, ती या दुसऱ्याकडे जाते.

नळदुर्गच्या टेलरने आयुष्यात एकही स्पर्धा परीक्षा दिली नव्हती. पोरवयात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला म्हणून आला, तिथलं काही खरं नाही म्हटल्यावर निजामाच्या फौजेत शिरला. मोजणी, कायदा, भाषा सगळं स्वतःच शिकला. माणूस भला निघाला हे रयतेचं नशीब. कंपनीच्या पक्क्या नोकऱ्या तर सरळसरळ वशिल्याच्या. लंडनमधल्या संचालकांनी आपापल्या भाच्यापुतण्यांची नावं द्यायची, पोरांनी हेलिबरीच्या कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि जहाजात बसायचं.

कँटनच्या मेडोजने १८४७ साली एक पुस्तक छापलं. चीनचं साम्राज्य इतकी शतकं टिकलं ते लायक माणसं निवडून वर आणण्याच्या रीतीमुळे, असं त्याचं ठाम म्हणणं. इंग्लंडनेही परीक्षा घेऊनच अधिकारी नेमावेत, ही त्याची मागणी. पुढे १८५३ च्या सनदी कायद्याने संचालकांचा वशिला मोडला. १८५४ साली मेकॉलेच्या समितीचा अहवाल आला, १८५५ साली लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. हा भाग शाळेच्या पुस्तकातही असतो.

परीक्षेचं मूळ असं चीनमध्ये शोधण्यावर विद्वान हरकत घेतात. ते म्हणतात, चीन वगैरे कशाला, परीक्षा आली केंब्रिज-ऑक्सफर्डमधून. मेकॉले स्वतः केंब्रिजचा, समितीतला जोवेट ऑक्सफर्डचा, आणि मेकॉलेने १८३३ च्या भाषणात दाखले दिले तेही विद्यापीठांचेच. मुद्दा बिनतोड वाटतो. पण विद्यापीठाची परीक्षा पदवी देते, तालुका देत नाही. अनोळखी पोराला निव्वळ पेपरातल्या गुणांवर मुलूख सोपवायचा, ही कल्पना चीनमध्ये शतकानुशतकं चालू होती. तिची हकीकत मातेओ रिची या पाद्र्याच्या टिपणांतून १६१५ पासून युरोपात छापून आली होती. कंपनीची वखार तर कँटनलाच. तेंग स्सू-यू या अभ्यासकाने १९४३ साली असे सगळे धागे गोळा करून ठेवले आहेत. माझं मत विचाराल तर केंब्रिजने कागद पुरवला, कल्पना चीनची.

एक तपशील तर थेट आजच्या परीक्षा केंद्रावर दिसतो. सोंग राजवटीत उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकत. तेवढ्यावर भागेना, कारण परीक्षक हस्ताक्षर ओळखत. मग कारकून बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करून घेत आणि परीक्षकासमोर नक्कल ठेवत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची पोरं बीडच्या अभ्यासिकांत रात्र काढतात ती अशाच एका भरवशावर: पेपर तपासणाऱ्याला आपलं आडनाव कळणार नाही. तिकडे चीनने स्वतःची परीक्षा १९०५ सालीच मोडीत काढली.

बीड निजामाच्या मुलखात, तिथे ही खुली परीक्षा उशिरा पोचली. सालारजंगाने १८६५ च्या जिलाबंदीत निजामाच्या मुलखाचे जिल्हे पाडले, वर अव्वल तालुकदार बसवले आणि कारभारासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. त्यातून मुल्की-गैरमुल्कीचं भांडण पेटलं. १९१९ च्या फर्मानाने ठरलं की नोकरी मुल्की माणसाला, आणि मुल्की कोण? तर पंधरा वर्षं राज्यात राहिलेला वगैरे. चीनचा नियम याच्या बरोब्बर उलटा. तिथे अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमणूक नाहीच. छिंग काळात शेजारचा प्रांतही घरापासून पाचशे ली, म्हणजे साधारण पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरच्या आत आला की बाद. आज निवडणूक आली की आयोग अधिकाऱ्यांना स्वजिल्ह्यातून हलवतो, तीन वर्षं झालेल्यांनाही हलवतो. बीडकरांनी मुल्की नियम सोडून चिनी नियम धरला म्हणायचा.

इथे माझ्या सिद्धांताला खरी टक्कर मिळते. शेरशहा आपले अंमलदार वर्षा-दोन वर्षांनी बदलत असे. कौटिल्यही सांगून गेला की खात्यावर अनेक प्रमुख असावेत आणि कोणी कायमचा नसावा. मग बदली देशीच की! असेल. पण शेरशहाला अंमलदार मुरू द्यायचा नव्हता, एवढंच. बदलीला मोजमापाची जोड देणं ही चीनची करामत. तिथे दर तीन वर्षांनी अधिकाऱ्याचा हिशेब होई. सचोटी, कुवत, कारभार आणि वय असे चार रकाने. मिंग काळापासून दोषांचीही यादी ठरलेली: लोभी, क्रूर, ढिला, बेशिस्त, उतावळा, अपुऱ्या कुवतीचा, म्हातारा, आजारी. आपला गोपनीय अहवाल या यादीपुढे फार सभ्य वाटतो. ‘अ’, ‘ब’, ‘अत्युत्कृष्ट’ लिहायचं. ‘ढिला’ लिहायची सोय नाही.

महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचा कायदा केला, त्यामागे अण्णा हजारेंचा रेटा होता. पदावर साधारण तीन वर्षं, आणि टेबलावर फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडकवायची नाही, अशी दोन्ही कलमं एकाच कायद्यात आहेत. म्हणजे पुन्हा मुदत आणि मोजमाप. अर्थात विशेष कारण लिहून मुदतीआधी हलवण्याची वाटही त्यातच ठेवलेली. बीड तालुक्यातल्या ताडसोना गावचे तुकाराम मुंढे २००५ च्याच तुकडीचे. त्यांच्या बदल्या विसाच्या पुढे गेल्या. तीन-तीन वर्षं धरली असती तर साठ वर्षांची नोकरी लागली असती. चीनमध्येही वेगळं नव्हतं, एकोणिसाव्या शतकात तीन वर्षं पुरी करणारा तालुक्याचा दंडाधिकारी विरळाच.

अशा वेळी दप्तर सांभाळतं कोण? चिनी कचेरीत कारकून तिथलेच, बहुधा बापाच्या जागी मुलगा. साहेबाला बोलीही कळायची नाही, करवसुलीच्या वह्या कारकुनाच्या पेटीत. साहेबाला कारकुनाशिवाय एक पाऊल टाकता येत नसे, म्हणून कित्येक जण पदरचे पैसे मोडून खासगी सल्लागार बरोबर नेत. आपल्याकडे ती जागा वतनदार कुलकर्ण्याची होती. वतन गेलं, तलाठी आला. पण तलाठ्याची भरती आजही जिल्ह्यापुरतीच. जिल्हाधिकारी तीन वर्षांत किंवा त्याआधीच जातो, फेरफार कुठे अडलाय हे तलाठ्याला ठाऊक असतं, आणि बांधावरचा शेतकरीही साहेबाचं नाव विचारण्याआधी तलाठी सज्जावर कधी भेटतो ते विचारतो.