जपानमधील भांगविषयक कायदे

भांगेच्या झाडाची (कॅनाबिस सटिव्हा) लागवड, बाळगणूक, व्यापार व सेवन यांचे जपानमध्ये नियमन करणारे कायदे. मादक पदार्थांविषयी अत्यंत कडक धोरण असलेल्या देशांत जपानची गणना होते. तथापि या कायद्यांचा उगम तेथील व्यसनाच्या प्रश्नात नसून दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतरच्या परकीय अंमलात आहे.

ही वनस्पती जपानमध्ये ‘आसा’ या नावाने प्राचीन काळापासून धाग्यासाठी लावीत. फुकुई प्रीफेक्चरमधील तोरिहामा येथे जोमोन काळातील तिचे अवशेष सापडले आहेत. कापसाचा प्रसार होण्यापूर्वी सामान्य जनांची वस्त्रे बहुधा तिच्याच धाग्याची असत. बी खाद्य म्हणून वापरीत व अद्यापही वापरतात. शिंतो धर्मात ती पावित्र्याचे प्रतीक आहे. शुद्धीकरणविधीतील दंडास तिचा धागा बांधतात. सम्राटाच्या राज्यारोहणानंतर होणाऱ्या ‘दाइजोसाइ’ विधीचे आसावस्त्र तोकुशिमाहून येते. २०१९ मध्येही ते तेथूनच आले. इसे येथील महामंदिराच्या, घरोघरी पुजल्या जाणाऱ्या ताइताला ‘जिंगू ताइमा’ म्हणतात आणि कायद्यातील निषिद्ध पदार्थाचे नावही ‘ताइमा’ हेच आहे. नशेसाठी या वनस्पतीचा उपयोग करण्याची प्रथा मात्र तेथे रूढ नव्हती. भारतात तिच्या पानांना, फुलोऱ्यांना व राळेला भांग, गांजा, चरस अशी वेगवेगळी नावे पडली. जपानी शेतकऱ्याचा संबंध मुख्यतः देठाशी होता.

जिनीव्हा येथील १९२५ च्या अफूविषयक करारात ‘भारतीय हेम्प’चा समावेश झाला. त्यास अनुसरून जपानने १९३० मध्ये तिच्या आयात-निर्यातीवर निर्बंध घातले. देशी आसा निराळी समजली जात असल्यामुळे तिच्या लागवडीला बाध आला नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या मुख्यालयाने अंमली वनस्पतींची लागवड बंद करण्याचा आदेश काढला. त्यात असा भेद केलेला नव्हता. दोर, मासेमारीची जाळी यांसाठी धाग्याची निकड असल्याने जपानी शासनाने रदबदली केली व १९४७ मध्ये मर्यादित लागवडीस मुभा मिळाली. १० जुलै १९४८ रोजी भांग नियंत्रण कायदा जारी झाला.

या कायद्याने पक्व देठ व बी वगळून उर्वरित वनस्पती नियंत्रणाखाली आली. लागवडीस व संशोधनास प्रीफेक्चरच्या राज्यपालाचा परवाना आवश्यक ठरला. पुढील काळात बाळगणुकीस पाच व लागवडीस किंवा आयातीस सात वर्षांपर्यंत कारावास होता. नफ्याचा हेतू असल्यास शिक्षा अधिक. भांगेपासून केलेले औषध रुग्णास देण्यासही वैद्यास बंदी होती. जानेवारी १९८० मध्ये इंग्रज गायक पॉल मॅकार्टनी यांना नारिता विमानतळावर सु. २२० ग्रॅ. गांजासह अटक झाली. नऊ दिवस कोठडीत काढल्यावर त्यांना देशाबाहेर पाठविण्यात आले.

एवढ्या कडक कायद्यात सेवन हा मात्र गुन्हा नव्हता. कापणीच्या वेळी शेतकऱ्याच्या शरीरात अंमली अंश नकळत जाईल व तो दोषी ठरेल, असे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाई. ज्यांच्यासाठी ही सवलत होती, ते शेतकरीच पुढे नाहीसे होत गेले. १९५४ मध्ये परवानाधारक शेतकरी ३७,००० हून अधिक होते. २०२१ च्या अखेरीस २७ उरले, त्यांतील बरेच तोचिगी प्रीफेक्चरमधील. कृत्रिम धाग्यांची स्पर्धा हे याचे प्रमुख कारण होय. परवान्यांच्या जाचक अटींनीही त्यास हातभार लावला. शासनाने नेमलेल्या तज्ञसमितीपुढे २०२१ मध्ये असेही मांडण्यात आले, की कापणी करणाऱ्यांच्या मूत्रतपासणीत अंमली घटक आढळला नाही. सवलतीचा आधार अशा रीतीने गेला. २०२३ मध्ये भांगेच्या गुन्ह्यांतील आरोपींची संख्या, पोलिसांच्या आकडेवारीनुसार, सु. ६,५०० झाली व तिने उत्तेजक द्रव्यांच्या आरोपींना प्रथमच मागे टाकले.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली व १२ डिसेंबर २०२४ पासून ती अंमलात आली. तीनुसार सेवनास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठरली. त्याच वेळी भांगजन्य औषधांवरील बंदी उठली. झाडाच्या कोणत्या भागापासून पदार्थ झाला यापेक्षा त्यात टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे अंमली द्रव्य किती आहे, हे महत्त्वाचे ठरले. मूळ कायदा केवळ लागवडीच्या नियमनापुरता राहिला व त्याचे नावही तसे बदलण्यात आले. मार्च २०२५ पासून धागा, बी इ. उत्पादनांसाठी एक व औषधांच्या कच्च्या मालासाठी दुसरा, असे लागवडीचे दोन प्रकारचे परवाने देण्यात येऊ लागले.